नोकरी गेली, मन खचलं? धंद्याआधी हा कागद करा

नोकरी सुटल्यावर मानसिक आजार बळावला असेल, तर उरलेली पुंजी लगेच धंद्यात टाकू नका. आधी हक्काचा आधार बघा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजारही येतो. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डासाठी अर्ज भरा, मग बीडच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी करून घ्या. उपचारांची जुनी फाइल सोबत न्या. नुसतं ‘टेन्शन आहे’ म्हणून भागत नाही. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त निघालं, तर उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्याला तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज करता येतो. पुढे दिव्यांग वित्त महामंडळाकडे धंद्यासाठी कर्जही मागता येतं. यात लाज कसली? त्रास वाढला तर 14416 वर टेलिमानसला फोन लावा, मोफत आहे. आधी तब्येत, मग दुकान.