ताठ नव्हे, सरळ : कला सादर करणाऱ्या मुलांची अंगस्थिती व हालचाल

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले की प्रत्येक प्राथमिक शाळेत नाच, नाट्यप्रवेश व कवितागायन यांच्या तालमी सुरू होतात. पाठांतर, वेशभूषा व मंचाची सजावट यांकडे शिक्षकांचे लक्ष पुरेपूर असते. परंतु ज्या साधनातून ही सारी कला प्रकट व्हावयाची, त्या बालकाच्या शरीराकडे मात्र ‘ताठ उभा राहा’, ‘छाती पुढे काढ’, ‘मोठ्याने बोल’ या तीन आज्ञांपलीकडे सहसा लक्ष जात नाही. या आज्ञांचा हेतू चांगला असला तरी परिणाम पुष्कळदा उलट होतो. गुडघे आवळले जातात, खांदे वर चढतात, श्वास कोंडतो आणि आवाज घशात अडकतो. पाड्यावर तारप्याभोवती न थकता नाचणारा मुलगा शाळेच्या मंचावर लाकडासारखा उभा राहतो, तेव्हा दोष मुलाच्या अंगाचा नसून शिकवण्याच्या रीतीचा असतो.

शरीराचा तोल

प्रौढ मनुष्याच्या मस्तकाचे वजन सुमारे ४.५ ते ५ किलो असते. लहान मुलाचे मस्तक त्याच्या देहाच्या मानाने अधिकच मोठे असते. हा भार पाठीच्या कण्याच्या सर्वांत वरच्या मणक्यावर तोललेला असतो, आणि तो सांधा सामान्य समजुतीपेक्षा बराच उंच, जवळजवळ दोन कानांच्या मध्ये आहे. मस्तक तोलात असले म्हणजे मानेच्या स्नायूंना थोडेच काम पडते. ते पुढे झुकले किंवा मागे खेचले गेले की मान, पाठ व छाती यांना सतत ओढ बसते.

कणाही काठीसारखा सरळ नसून त्याला नैसर्गिक बाक आहेत. धावताना व उड्या मारताना बसणारे धक्के सोसण्यास ते उपयोगी पडतात. छाती पुढे काढून ताठ होणारा मुलगा कमरेचा बाक अकारण वाढवितो. म्हणून ‘ताठ’ आणि ‘सरळ’ हे शब्द समानार्थी मानू नयेत. ताठपणा स्नायू आवळून येतो, सरळपणा तोल सापडल्याने येतो. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील ‘सौष्ठव’ या कल्पनेतही अंग कुबडलेले नसावे, छाती उन्नत असावी, पण अवयव आपापल्या स्वाभाविक स्थानी स्वस्थ असावेत, असाच आशय आहे.

एका नटाचा शोध

ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर १८६९ साली जन्मलेले फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हे नाट्यप्रवेश व काव्ये म्हणून दाखविणारे कलावंत होते. प्रयोगाच्या वेळी त्यांचा आवाज बसू लागला. औषधाने व विश्रांतीने तात्पुरता गुण येई, परंतु मंचावर उभे राहताच दुखणे पुन्हा उद्भवे. तेव्हा त्यांनी आरशासमोर उभे राहून स्वतःचे निरीक्षण सुरू केले. बोलण्यास आरंभ करताच आपण मस्तक मागे खेचतो, घसा दाबतो व तोंडाने धापेसारखा श्वास घेतो, असे त्यांना आढळले.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. चूक कळल्यानंतरही ती सुटेना. बोलण्याचा विचार मनात येताच जुनी सवय आधी धावून येई. अखेर बोलण्यापूर्वी क्षणभर थांबावयाचे, मान मोकळी सोडावयाची आणि मगच आरंभ करावयाचा, असा क्रम त्यांनी स्वतःस लावून घेतला. १९०४ साली ते लंडनला गेले आणि १९५५ साली मृत्यू येईपर्यंत ही पद्धत शिकवीत राहिले. आज अनेक देशांतील नाट्य व संगीत विद्यालयांत ती शिकविली जाते. प्राथमिक शिक्षकाने तिच्यातून एवढेच घ्यावे की, वाईट सवय मोडण्यासाठी अधिक जोर नव्हे, तर आरंभापूर्वीचा थांबा उपयोगी पडतो.

तारप्याची शाळा

या शिक्षणासाठी पालघर जिल्ह्यातील शिक्षकास दूर जाण्याचे कारण नाही. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या, मेण आणि ताडाच्या पानांचा कर्णा यांपासून बनलेला तारपा हे वारली समाजाचे वाद्य आहे. त्याचा सूर अखंड चालतो. वादक गालांत साठविलेली हवा वाद्यात सोडीत असतानाच नाकाने नवा श्वास घेतो. मान, जबडा किंवा छाती आवळलेली असेल तर हे साधणे कठीण. श्वासाचा याहून चांगला पाठ कोणत्याही पुस्तकात सापडावयाचा नाही.

नाचणारे एकमेकांच्या कमरेभोवती हात घालून साखळी करतात आणि वादकाभोवती फेर धरतात. पुढच्या गड्याच्या हाती घुंगरांची काठी असते. वादकाने चाल बदलली की पावले बदलतात, फेर आकुंचन पावतो व पुन्हा उलगडतो. गुडघे लवचीक असल्यावाचून येथे पाऊल पडत नाही. एकाने अंग ताठ केले तर शेजाऱ्यास तत्काळ कळते, कारण दोघांचे हात एकमेकांच्या पाठीवर असतात. चूक दाखविण्यास रागावणारा गुरू लागत नाही. पद्मश्री जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी वारली चित्रकला जगापुढे नेली. त्या चित्रांतील माणूस टोकाशी जोडलेल्या दोन त्रिकोणांचा असतो. त्याची कंबर बारीक, अंग हलके आणि पाय चालते असतात. नाचणाऱ्या देहाचा तोल तेथे दोन रेषांत उतरलेला दिसतो.

आता हाच नाच संमेलनात कसा होतो, ते पाहावे. मुले प्रेक्षकांकडे तोंड करून सरळ रांगेत उभी केली जातात आणि ध्वनिमुद्रित गाणे लावले जाते. ध्वनिमुद्रिका मुलांच्या पावलांकडे पाहत नाही, थकलेल्यासाठी चाल मंद करीत नाही. फेर मोडला की हातांचा आधार जातो व नजर प्रेक्षकांत अडकते. नाचाचे नाव राहते, पण त्यातील शिक्षण निघून जाते. आपल्या घरची रीत शाळेत सुधारून घ्यावी लागते, ही समजूत मुलाच्या मनात रुजते, ते नुकसान तर वेगळेच. म्हणून शक्य तेथे गावातील तारपावादकास सन्मानाने बोलवावे, नाच मैदानात ठेवावा आणि प्रेक्षकांस भोवताली बसवावे.

बोईसर-तारापूर औद्योगिक परिसरातील शाळांत निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या कामगारांची मुले असतात. त्यांची घरे लहान आणि खेळावयास जागा अपुरी. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलासही फेरात सामील होण्यास शब्दांची गरज लागत नाही. अशा शाळांत आठवड्यातून एक-दोन वेळा फेराचा नाच अवश्य घ्यावा.

वर्गात करावयाच्या गोष्टी

१. प्रथम पाहावे, मग सांगावे. मूल कविता म्हणण्यास आरंभ करते तेव्हा शिक्षकाने त्याच्या बाजूस उभे राहून मस्तक, खांदे व गुडघे यांचे काय होते ते पाहावे.

२. कविता म्हणण्यापूर्वी मुलाने थांबावे, दोन्ही पावलांखालची जमीन जाणवून घ्यावी, तोंड मिटून नाकाने श्वास येऊ द्यावा, आणि मग बोलावे. परिपाठाच्या वेळी याची सवय सहज लागते.

३. डोक्यावर चुंबळ ठेवून वर्गात सावकाश चालावयास सांगावे. पाण्याचा हंडा नेणाऱ्या आईची चाल मुलांनी पाहिलेलीच असते. मात्र चुंबळीवर कोणतेही ओझे ठेवू नये.

४. बसकरपट्टीवर मांडीवर वही ठेवून लिहिणारे मूल मान फार वाकविते. वहीखाली दप्तर किंवा फळी ठेवून ती उंच करावी. कितीही चांगली बैठक फार वेळ टिकविणे इष्ट नाही. दर वीस-पंचवीस मिनिटांनी मुलांस उठू व हलू द्यावे.

५. लेझीम शिकविताना आधी गुडघ्यांची लय बसवावी, हातांच्या हालचाली नंतर घ्याव्यात. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून अधिक नसावे, हे केंद्र शासनाच्या २०२० सालच्या धोरणातील सूत्रही ध्यानात ठेवावे.

६. मुलाची मान किंवा पाठ हाताने दाबून सरळ करू नये, आणि त्याच्या उभे राहण्याची चारचौघांत नक्कल करू नये.

एक सावधगिरी

पोक काढून बसणारे प्रत्येक मूल आळशी नसते. ते उपाशी असेल, रक्तक्षयाने थकलेले असेल, किंवा फळ्यावरील अक्षरे न दिसल्याने पुढे वाकत असेल. जव्हार-मोखाड्याकडील शिक्षकांस कुपोषणाचा प्रश्न नवा नाही. अशा मुलास व्यायामाआधी अन्न व उपचार हवेत. एक खांदा सदैव उंच दिसणे, कणा बाजूस वळलेला असणे, पाठ वारंवार दुखणे ही लक्षणे आढळल्यास शाळेच्या आरोग्य तपासणीच्या वेळी, किंवा त्याआधीच प्राथमिक आरोग्य केंद्रात, ती डॉक्टरांच्या नजरेस आणून द्यावीत.

या जिल्ह्यातील बहुतेक मुले उद्या मंचावरील कलावंत होणार नाहीत. कोणी भाताची आवणी करील, कोणी समुद्रावर जाळे ओढील, कोणी कारखान्यात यंत्रापुढे उभा राहील. परंतु अंगाचा तोल, मोकळा श्वास आणि आरंभापूर्वीचा थांबा यांची गरज त्या प्रत्येकास पडणार आहे. शाळेतील नाच-गाण्याच्या तासाचे प्रयोजन एका संध्याकाळच्या टाळ्यांपुरते नसून ते मुलाच्या पुढील साठ वर्षांच्या श्रमांशी जोडलेले आहे, हे ओळखून शिक्षकांनी त्या तासाकडे पाहावे.