वीज तोडणारी बाटली

शाळेच्या प्रयोगशाळेत जुनी विद्युत घंटा असेल तर ती बाहेर काढा. खिडक्या लावून खोलीत अंधार करा आणि दोन सेलवर घंटा वाजवा. पट्टी आणि स्क्रूचं टोक जिथे टेकतात आणि सुटतात, तिथे निळसर ठिणगी सतत चमकताना दिसेल. इथे मुलांना एक प्रश्न विचारता येतो. सेल मिळून फक्त तीन व्होल्टचे. हवेतलं एक मिलिमीटर अंतर ओलांडायला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात, असं आपणच त्यांना शिकवतो. मग ही ठिणगी आली कुठून?

उत्तर घंटेच्या गुंडाळीत आहे. गुंडाळीतून वाहणारी धारा एकाएकी थांबायला तयार नसते. ती कमी होऊ लागली की गुंडाळी ती चालू ठेवण्यासाठी स्वतःच व्होल्टेज निर्माण करते, आणि ते सहज शंभर-दोनशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त होतं. त्या क्षणी पट्टी आणि स्क्रू यांच्यातलं अंतर केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतं. धातूचा शेवटचा टेकलेला कण तापून वितळतो, त्याची वाफ होते आणि त्या वाफेतून धारा पुढे चालू राहते.

आता हीच घंटा मनातल्या मनात मोठी करू. गावाबाहेरच्या उपकेंद्रातून ११ हजार व्होल्टच्या तारा निघतात. वादळात त्या एकमेकींना चिकटल्या की एरवी शे-दोनशे अँपिअर असणारी धारा काही हजार अँपिअरवर जाते. अशा जागी बसवलेला सर्किट ब्रेकर २५ हजार अँपिअरपर्यंतची धारा तोडण्यासाठी बनवलेला असू शकतो. ही धारा सेकंदाच्या लहानशा अंशात तुटली नाही तर तारा वितळतात, रोहित्र जळतं. पण नुसते संपर्क एकमेकांपासून दूर केल्याने ती थांबत नाही. मधल्या हवेतून आर्क पेटतो, म्हणजे हजारो अंश तापमानाची ज्योत. तिच्यातून धारा तारेतून वाहावी तशीच वाहते.

इथे प्रत्यावर्ती धारा आपल्या मदतीला येते. ५० हर्ट्झची धारा सेकंदात १०० वेळा शून्यावर येते, म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी एकदा. त्या क्षणी आर्क आपोआप विझतो. मोठा ब्रेकर धारा थांबवत नाही, ती स्वतःच थांबते. ब्रेकरचं काम तिला पुन्हा सुरू न होऊ देण्याचं. हे काम काही सोपं नाही. बारा हजार व्होल्ट क्षमतेच्या ब्रेकरची चाचणी घेताना शून्यानंतर अवघ्या साठएक मायक्रोसेकंदांत संपर्कांमध्ये वीस हजार व्होल्ट उभे राहतात. तेवढ्यात मधली जागा निरोधक बनली पाहिजे.

ही जागा लवकर साफ करण्यासाठी लोकांनी तेल वापरलं, दाबाखालच्या हवेचे झोत वापरले, सल्फर हेक्झाफ्लोराइड म्हणजे एसएफ-६ हा वायूही वापरला. निर्वातात मात्र साफ करायला फारसं काही नसतंच. सामान्य हवेत एक रेणू दुसऱ्यावर धडकेपर्यंत सरासरी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी अंतर जातो. हवेचा दाब एक शतांश पास्कलवर, म्हणजे वातावरणाच्या एक कोटीव्या भागावर आणला, तर हेच अंतर अर्ध्या मीटरहून जास्त होतं. संपर्कांमधली फट एक सेंटीमीटरची. तिथून निघालेला इलेक्ट्रॉन कुणालाही न धडकता पलीकडे पोचतो. धडका नाहीत, म्हणून आयनांची साखळी वाढत नाही.

निर्वातातही आर्क पेटतो, पण तो संपर्कांच्या धातूच्याच वाफेचा असतो. धारा शून्यावर आली की वाफ तयार होणं थांबतं आणि उरलेली वाफ सगळीकडे पांगून थंड धातूवर जमते. भोवती कुठला वायू तिला अडवायला नसल्यामुळे हे काही मायक्रोसेकंदांत उरकतं.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये रॉयल सोरेन्सन आणि मेंडेनहॉल यांनी १९२६ साली निर्वात स्विचचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी ४१ हजार व्होल्टच्या आसपास नऊशेवर अँपिअर धारा तोडून दाखवली होती. तरीही मोठे निर्वात ब्रेकर बाजारात यायला १९६०चं दशक उजाडलं. तांब्यात वायू मुरलेले असतात. आर्कने तांबं तापलं की ते बाहेर पडतात आणि निर्वात संपतो. वायूविरहित धातू बनवणं, चिनी मातीच्या जातीची ॲल्युमिना नळी आणि धातू यांचा हवाबंद सांधा करणं, हे जमायला तीस-पस्तीस वर्षं गेली.

आज या निर्वात भांड्याला कारखान्यात आणि उपकेंद्रात सगळे 'बाटली'च म्हणतात. ११ केव्हीची बाटली साधारण पाण्याच्या तांब्याएवढी असते. बाहेर पांढरी ॲल्युमिनाची नळी, दोन्ही टोकांना धातूची झाकणं, आत समोरासमोर दोन तांबे-क्रोमियमच्या चकत्या. एक चकती स्थिर, दुसरी हलणारी. चकत्यांभोवती धातूचा एक पेला असतो. वाफ त्याच्यावर जमते, नाहीतर ती नळीच्या आतल्या भिंतीवर बसून नळीच वाहक झाली असती.

आता अडचण पाहा. आत निर्वात, बाहेर हवा, आणि बाहेरच्या दांड्याने आतली चकती एक सेंटीमीटर हलवायची. दांड्याभोवती रबराचं वायसर चालणार नाही, कारण बाटली वीस-तीस वर्षं टिकायची असते आणि ती पुन्हा उपसायची सोय नसते. यावरचा उपाय म्हणजे भाता. पेटीचा भाता जसा घड्या पडत उघडतो-मिटतो, तसा पोलादाचा, चुण्या असलेला नळीसारखा भाता. त्याचं एक टोक झाकणाला आणि दुसरं दांड्याला भट्टीत झाळ देऊन जोडतात. पत्र्याची जाडी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी. बाटलीतला नाजूक भाग कोणता, असं मला कुणी विचारलं तर मी या भात्याकडे बोट दाखवतो.

भात्याच्या बाहेरच्या बाजूला वातावरणाचा दाब असतो. भात्याचा व्यास पाच सेंटीमीटर धरा. क्षेत्रफळ सुमारे वीस चौरस सेंटीमीटर, म्हणजे बल सुमारे दोनशे न्यूटन. हे बल दांड्याला आत ढकलतं. त्यामुळे टेबलावर ठेवलेल्या चांगल्या बाटलीचे संपर्क मिटलेलेच असतात. दांडा ओढायला वीस किलो वजन उचलण्याइतका जोर लागतो, आणि सोडला की तो खटकन परत जातो. मुलांना मॅग्डेबर्गच्या अर्धगोलांची गोष्ट सांगून झाल्यावर हे उदाहरण जरूर द्या.

दांडा किती वेगाने ओढायचा? ११ केव्हीच्या बाटलीसाठी हा वेग सेकंदाला सुमारे एक मीटर असतो. म्हणजे १० मिलिसेकंदांत १० मिलिमीटर. दोन शून्यांमधला काळ आणि पूर्ण फट उघडायला लागणारा काळ जवळपास सारखेच आहेत, आणि हा योगायोग नाही. वेग याहून फार कमी ठेवला तर धारेची अनेक शून्यं वाया जातील आणि आर्क चकत्या खात राहील. वेग उगाच वाढवला तर भात्याच्या चुण्यांमधून धक्क्याची लाट धावते, काही चुण्या वाजवीपेक्षा जास्त ताणल्या जातात आणि पत्रा लवकर थकतो. शून्यानंतरच्या त्या साठ मायक्रोसेकंदांत चकती जेमतेम सहा शतांश मिलिमीटर सरकते. तेव्हा घाई करून उपयोग नाही, फट आधीच तयार हवी.

सोपं वाटणारं मिटण्याचं काम खरं तर अधिक अवघड आहे. दोन चकत्या कितीही सपाट असल्या तरी त्या खऱ्या अर्थाने चार-दोन ठिपक्यांवरच टेकतात. सगळी धारा त्या ठिपक्यांकडे दाटीने येते आणि पलीकडे पुन्हा पसरते. समोरासमोरच्या पृष्ठभागांवर त्यामुळे धारा विरुद्ध दिशांना वाहतात. विरुद्ध धारा एकमेकींना दूर ढकलतात. २५ हजार अँपिअरच्या बिघाडात पहिलं शिखर बासष्ट हजारांच्या आसपास जातं, आणि हिशोब केला तर ढकलणारं बल हजार न्यूटनच्या घरात येतं. वातावरणाचे दोनशे न्यूटन इथे पुरत नाहीत. म्हणून दांड्यामागे दीड-दोन हजार न्यूटनची स्प्रिंग लागते, आणि तीही प्रत्येक बाटलीला एक, म्हणजे तीन.

मिटताना चकत्या आदळून चेंडूसारख्या उसळतात. उसळी दोन मिलिसेकंदांची असली तरी तेवढ्यात आर्क पेटतो, धातू वितळतो आणि पुन्हा टेकल्यावर थिजतो. झाली चकत्यांची जोडणी! निर्वातात पृष्ठभाग इतके स्वच्छ असतात की त्यांना चिकटायला आवडतं. ही चिकट तोडण्यासाठी फार साधी युक्ती केली आहे. दांडा आणि यंत्रणा यांच्यात तीन-चार मिलिमीटर मोकळी चाल ठेवतात. उघडताना यंत्रणा आधी एकटी धावते, वेग घेते आणि मग दांड्याला हिसका देते. हातोडी उचलून मारावी तसा. नुसत्या ताणाने जी जोड सुटली नसती ती हिसक्याने तुटते. क्रोमियम मिसळण्याचा एक फायदा इथेच आहे, कारण त्यामुळे जोड ठिसूळ राहते.

चकत्यांवर तिरप्या चिरा का पाडतात, हेही विचारलं जातं. साधारण दहा हजार अँपिअरच्या वर आर्क एका जागी गोळा होऊन धातूत खड्डा पाडतो. चिरांमुळे धारेला वळसा घ्यावा लागतो, तिचंच चुंबकीय क्षेत्र आर्कला चकतीभर फिरवतं किंवा दुसऱ्या रचनेत तो पसरलेला ठेवतं. त्यावर स्वतंत्र लेखच लिहावा लागेल.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडे एका ब्रेकरची यांत्रिक चाचणी चालू होती. दहा हजार वेळा उघडमीट व्हायची होती. साडेतीन हजारांच्या आसपास एका बाटलीतला निर्वात गेला. गंमत म्हणजे ब्रेकर पूर्वीसारखाच 'धाड्' आवाज करत उघडत होता, मिटत होता. वेग तोच, चाल तीच. उच्च व्होल्टेजची नेहमीची तपासणी केली तेव्हा आत ठिणगी पडली आणि मग कळलं. बाटली कापून पाहिली तर भात्याच्या शेवटच्या चुणीत केसाएवढी चीर होती. जोडणी करताना कुणीतरी दांडा न धरताच नट आवळला होता. दांडा काही अंश पिळला गेला आणि भाता तो पीळ घेऊनच साडेतीन हजार वेळा हलला. भाता लांबीच्या दिशेने हजारो घड्या सोसतो, पीळ सोसत नाही. त्यानंतर नट आवळताना दांडा दुसऱ्या पान्याने धरायचा, हे आम्ही भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावलं.

या प्रसंगातली धोक्याची बाब वेगळीच आहे. हवा शिरलेली बाटली बाहेरून ओळखता येत नाही. ब्रेकरमध्ये बसवल्यावर मघाचा दोनशे न्यूटनचा पुरावाही मोठ्या स्प्रिंगांमध्ये लपून जातो. एक सेंटीमीटर हवेची फट ११ केव्हीचं रोजचं व्होल्टेज कदाचित पेलेलही, पण बिघाडाची धारा तिला तोडता येणार नाही. म्हणून ठरावीक काळाने उघड्या संपर्कांवर जास्त व्होल्टेज लावून तपासणी करतात. आणि म्हणूनच तारेवर काम करणारा वायरमन 'ब्रेकर उघडा आहे' एवढ्यावर विसंबत नाही. तो आयसोलेटर उघडून डोळ्यांना दिसणारी फट करतो, तार मेल्याची खात्री करतो, अर्थिंग करतो आणि मगच हात लावतो. निर्वात डोळ्यांना दिसत नाही.

मुंबईच्या लोकलच्या छपरावरही अशी बाटली असते. पूर्वी या गाड्या १५०० व्होल्ट दिष्ट धारेवर धावत. ही धारा कधी शून्यावर येतच नाही, त्यामुळे साधा निर्वात ब्रेकर तिथे निरुपयोगी. २०१६पर्यंत मुंबईचे मार्ग टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्ट प्रत्यावर्ती धारेवर आले. दोन वीजपुरवठ्यांच्या मध्ये तारेचा एक तुकडा वीज नसलेला ठेवतात. गाडी तिथे पोचण्याआधी ब्रेकर उघडतो आणि पुढे गेल्यावर मिटतो. उपकेंद्रातला ब्रेकर वर्षभरात जितक्यांदा हलत नाही तितक्यांदा हा काही दिवसांत हलतो. तिथल्या भात्याची परीक्षा अर्थातच अधिक कडक.

मग १३२ किंवा ४०० केव्हीलाही अशीच मोठी बाटली का नाही? कारण निर्वातात फट दुप्पट केली तर व्होल्टेज सोसण्याची ताकद दुप्पट होत नाही. काही मिलिमीटरच्या पुढे ती साधारण फटीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. १४५ केव्हीसाठी साठ मिलिमीटर किंवा त्याहून मोठी फट लागते. तेवढी चाल, तीही अधिक वेगाने, भात्याने सोसायची आणि आर्क मात्र पसरलेलाच राहायला हवा. इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकाच्या अखेरीस १३२ केव्हीसाठी एकामागे एक आठ बाटल्या जोडून हे जमवलं होतं. आठही बाटल्या एकाच वेळी उघडल्या पाहिजेत आणि व्होल्टेज त्यांच्यात सारखं वाटलं गेलं पाहिजे. एकीने उशीर केला की बाकीच्यांवर भार. एसएफ-६ वायूच्या एकाच खोलीत हे काम होऊ लागल्यावर आठ बाटल्यांचा खटाटोप करायला फारसं कुणी उरलं नाही.

आता मात्र तो खटाटोप परत सुरू झाला आहे. एसएफ-६चा एक किलो हवेत गेला तर शंभर वर्षांच्या हिशोबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या चोवीस हजार किलोंएवढी उष्णता अडवतो. युरोपीय संघाने २०२४ साली केलेल्या नियमानुसार २४ केव्हीपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये हा वायू १ जानेवारी २०२६ पासून वापरता येत नाही. ५२ ते १४५ केव्हीच्या बहुतेक उपकरणांची मुदत २०२८ आहे. त्यामुळे १४५ केव्हीची एकच बाटली असलेले ब्रेकर तयार झाले असून ते वापरातही आले आहेत. ४०० केव्हीसाठी अजून तरी बाटल्या एकामागे एक जोडण्याचाच विचार चालतो, आणि प्रश्न पुन्हा तोच येतो, सगळे दांडे एका मिलिसेकंदाच्या आत बरोबर कसे हलवायचे.