सैतानाला नाचवणारं व्हायोलिन

मुलांनो, उद्याचे बाजारभाव आजच सांगणारं पुस्तक मिळालं तर? आपल्या यवतमाळकडचा कापूसवाला शेतकरी तर उडीच मारेल! असं पुस्तक एका शिपायाला मिळालं. देणारा होता सैतान, आणि बदल्यात त्याने मागितलं शिपायाचं जुनं व्हायोलिन.

ही गोष्ट आहे ‘शिपायाची गोष्ट’ या गमतीदार संगीत-नाटकाची. संगीतकार रशियाचे इगोर स्त्राविन्स्की, लेखक स्वित्झर्लंडचे रामूझ. पहिलं महायुद्ध चालू होतं. पैसा नाही, मोठा वाद्यवृंद कुठून आणणार? मग आपल्या भजनी मंडळासारखा आटोपशीर ताफा जमवला. वादक फक्त सात! व्हायोलिन, माणसाएवढा डबल बास, चार फुंकायची वाद्यं, आणि सगळे ढोल-ताशे सांभाळणारा एकच गडी.

तर शिपाई व्हायोलिन शिकवायला सैतानाकडे तीन दिवस राहिला. गावी परतला तो काय! लोक त्याला भूत समजून पळत सुटले. तीन दिवस नव्हे, तीन वर्षं उलटली होती. त्याच्या वाग्दत्त वधूचं लग्न होऊन तिला मुलंही झाली होती. पुस्तकामुळे पैसा खूप आला, पण जिवाला चैन पडेना.

शेवटी शिपाई पत्त्यांच्या डावात मुद्दामच सगळा पैसा हरला. पैसा गेला तशी सैतानाची पकडही सुटली, आणि व्हायोलिन परत हाती आलं. त्याच्या सुरांनी आजारी राजकन्या उठून नाचू लागली. सैतान चिडून धावून आला, तर शिपायाने त्यालाही नाचवलं. इतकं, की बिचारा धापा टाकत आडवाच झाला!

संगीतही तसंच खोडकर आहे. सुरुवातीला शिपाई चालतो, तेव्हा डबल बास ‘डावा-उजवा, डावा-उजवा’ ठेका धरतो. बाकीची वाद्यं मात्र मधेच पाय अडकल्यासारखी ठेचकाळतात. ऐकताना हसूच येतं.

२८ सप्टेंबर १९१८ ला लोझान शहरात पहिला प्रयोग झाला. पुढे गावोगाव जायचं ठरलं होतं. पण फ्ल्यूची साथ आली आणि सगळं थांबलं. त्याच साथीने तेव्हा आपल्या देशातही लाखो माणसं नेली. प्रयोग मात्र पुढे जगभर झाले, आजही होतात.

शेवट? राजकन्या मिळाली, तरी शिपायाला जुनं घरही हवं होतं. सैतानाने बजावलेलं असूनही त्याने सीमा ओलांडली. मग सैतानाचं विजयगीत सुरू होतं. व्हायोलिन आणि ढोल यांची झटापट चालते. व्हायोलिन हळूहळू गप्प होतं, आणि शेवटी वाजत राहतात नुसते ढोल.