घर असून बेघर

दिवाळी सरली, भात-नागली कणगींत पडली, कीं आमच्या सुरगाणा तालुक्यांतील पाड्यापाड्यांवर बोचकीं बांधलीं जातात. दाराला कडी लावून अथवा म्हाताऱ्यांस राखण ठेवून माणसें दिंडोरी, निफाड, नाशिकची वाट धरतात. द्राक्षबागेंत काम मिळालें तर बांधावर खोपटें तरी उभें राहतें. नाशिक शहरांत बांधकामावर जाणाऱ्यांची रात्र मात्र पुष्कळदां उघड्या मैदानांत ताडपत्रीखालीं जाते. शहरांतील लोक त्यांस ‘बेघर’ म्हणतात. वास्तविक त्यांचें सारवलेलें घर येथें उभें आहे! तें सोडून रस्त्यावर निजण्याची हौस कोणास असेल?

कारण प्रथम येथेंच शोधिलें पाहिजे. आमच्याकडे पाऊस उदंड; पण तो नार-पारच्या पात्रांतून पश्चिम समुद्रास जाऊन मिळतो, आणि उन्हाळ्यांत विहिरी तळ गांठतात. एका पिकावर वर्ष निघत नाहीं. शहरांत काम आहे, परंतु कामाजवळ परवडेल अशी खोली नाहीं. खोलीला आगाऊ अनामत हवी. लांब राहावें तर गाडीभाडें पडतें, आणि पहाटे मजुरांच्या नाक्यावर पोंचण्यास उशीर झाला कीं रोज बुडाला. आजार, दारू, घरांतील भांडण हींहि माणसास रस्त्यावर आणतात. आळसाचें कारण सांगणाऱ्यांस मात्र आम्ही इतकेंच सुचवितों कीं, त्यांनीं एकदां पहाटे त्या नाक्यावर जाऊन यावें.

नाशिकचा विस्तार अलीकडचा. मुंबईंत हें दुखणें फार जुनें आहे. १८९६ सालीं तेथें प्लेग आला. १८९८ सालीं स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टानें दाट वस्तींतील घरें पाडलीं, परंतु उठविलेल्या गरिबांस पुरतील इतक्या खोल्या वेळेवर बांधल्या नाहींत. ते शेजारच्या चाळींत दाटीनें शिरले. पुढें १९८१ सालीं पदपथांवरील झोपड्या हटविण्याचें सरकारनें ठरविलें, तेव्हां प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. १९८५ च्या निकालांत न्यायालयानें मान्य केलें कीं, पोटाच्या धंद्याजवळ राहणें भाग असल्यामुळेंच हे लोक पदपथावर राहतात, व उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कांतच येतो. तरीहि रीतसर सूचना देऊन त्यांस उठविण्याची मुभा राहिलीच!

२०११ च्या खानेसुमारींत देशांत सुमारे १७ लक्ष ७३ हजार माणसें बेघर भरलीं. ही मोजणी फेब्रुवारीच्या अखेरच्या रात्रीं झाली. म्हणजे आमचे पाडे ओस असतात त्याच दिवसांत. वर्गांतील जीं बाकें दिवाळीनंतर रिकामीं होतात, त्यांवरील मुलें तेव्हां कोठें तरी ताडपत्रीखालीं धाकटें भावंड सांभाळीत असतात. शिमग्यास तीं परत येतात.