हृदयाच्या शस्त्रक्रिया – लेखांक ४ : झडप वाचवायची की बदलायची?

मागच्या आठवड्यात बायपास पाहिली. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी कोंडली, की पायातली शीर किंवा छातीच्या आतली धमनी जोडून पुढच्या भागाला रक्त पोचवायचं. आपल्याकडे 'हार्टचं ऑपरेशन' म्हणजे बायपासच, असं धरून चालतात. पण सरकारी रुग्णालयात हृदयशल्य विभागाच्या बायकांच्या वॉर्डात डोकावलं, तर पंचविशी-तिशीतल्या मुली दिसतात. त्यांच्या रक्तवाहिन्या ठणठणीत असतात. बिघडलेली असते ती झडप, म्हणजे व्हॉल्व्ह.

हृदयात चार झडपा. रक्त पुढे जाऊ द्यायचं, मागे फिरू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. पण ते दिवसाला सुमारे एक लाख वेळा करायचं. तरुणपणी सर्वांत जास्त मार खाते ती डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप, आणि त्याचं मूळ शाळेच्या वयात असतं. स्ट्रेप्टोकोकस जंतूमुळे घसा दुखतो, ताप येतो, दोन दिवसांत उतरतो. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजतो. तो बरा होतो न होतो तोच घोटा धरतो. हा सांधेवाताचा ताप. सांधे पुढे पूर्ण बरे होतात, म्हणून घरचे ते आजारपण विसरूनही जातात. पण जंतूंशी लढायला शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं झडपेवरही चालून गेलेली असतात. वर्षानुवर्षं तिची पाती जाड होत जातात, कडा एकमेकींना चिकटतात. चार ते सहा चौरस सेंटिमीटरचं तोंड दीडच्याही खाली येतं आणि बटणाच्या काजासारखी फट तेवढी उरते.

बऱ्याच जणींना हे कळतं ते पहिल्या बाळंतपणात. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळजवळ दीडपट होतं, ठोके वाढतात. त्या फटीतून एवढं रक्त पुढे सरकत नाही आणि फुप्फुसांत तुंबतं. आडवं पडलं की धाप लागते. 'पोटुशी बाईला दम लागायचाच' असं म्हणून घरचे वेळ घालवतात, ते मात्र महागात पडतं.

चिकटलेली झडप सोडवायची कल्पना जुनी आहे. १९२५ मध्ये लंडनमध्ये हेन्री साउटर या शल्यविशारदाने धडधडत्या हृदयात बोट घालून एका मुलीची मायट्रल झडप मोकळी केली. मुलगी जगली, बरी होऊन घरी गेली. तरीही त्याच्याकडे असा दुसरा रुग्ण कुणी पाठवला नाही! हृदयाला हात लावायचा नसतो, अशी त्या काळच्या डॉक्टरांची ठाम समजूत होती. हीच शस्त्रक्रिया अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये पुन्हा सुरू झाली ती १९४८ मध्ये. मधल्या तेवीस वर्षांत किती जणी गेल्या असतील, याचा मला राहून राहून राग येतो.

आज बोटाची जागा फुग्याने घेतली आहे. जपानी डॉक्टर कांजी इनोउए यांनी १९८०च्या दशकात ही पद्धत आणली. जांघेतल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत न्यायची, मिटलेला फुगा झडपेत ठेवायचा आणि फुगवायचा. चिकटलेल्या कडा सुटतात. छाती उघडावी लागत नाही. पण झडप मऊ असेल आणि फार गळत नसेल, तरच हे जमतं. पात्यांत चुना साठला असेल, तर शस्त्रक्रियेला पर्याय नाही.

तेव्हा छातीचं मधलं हाड कापतात, रक्ताभिसरण हार्ट-लंग मशीनवर सोपवतात आणि पोटॅशियम असलेलं गार द्रावण सोडून हृदय थांबवतात. खराब झडप कापून काढली, की उरलेल्या कडेभोवती टाके घालायचे. धागे आलटून पालटून हिरवे-पांढरे घेतात, म्हणजे गुंता होत नाही. सगळे धागे नव्या झडपेच्या कापडी कडेतून ओवून घेतले, की ती त्यांवरून खाली सरकवत जागेवर बसवतात आणि एकेक गाठ मारतात.

बसवायची कोणती, हा खरा पेच. धातूची झडप वर्षानुवर्षं टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. गाय किंवा डुकराच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला बहुधा ही गोळी कायम लागत नाही. पण ती साधारण दहा-पंधरा वर्षं चालते, तरुणांत त्याहूनही कमी. म्हणजे पंचविशीतल्या मुलीला पुन्हा ऑपरेशन ठरलेलंच. धातूची घ्यावी, तर त्या गोळीने गर्भाला धोका. म्हणून मूल हवं असलेल्या मुलीच्या बाबतीत स्वतःची झडप दुरुस्त होत असेल, तर आधी त्या दुरुस्तीसाठी झटावं, असं माझं मत आहे. ते प्रत्येक वेळी जमत नाही, हेही खरं.

धातूच्या झडपा पूर्वी परदेशातून यायच्या आणि गरिबाला परवडायच्या नाहीत. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. वलियाथन यांच्या गटाने देशी झडप घडवली. ती १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णात बसली आणि आजवर लाखाहून अधिक रुग्णांना लागली आहे.

घरी गेल्यावर रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आयएनआर ही रक्ततपासणी चुकवायची नाही. दुकानातून दुखण्याची गोळी परस्पर आणून घ्यायची नाही. पालेभाजी बंद करायचं कारण नाही. फक्त आठवडाभर अजिबात नाही आणि मग रोज मेथी, असं नको. दात काढायचा असेल, तर झडप बदलल्याचं डॉक्टरांना आधी सांगायचं. आणि सांधेवाताच्या तापासाठी दर तीन आठवड्यांनी मिळणारं पेनिसिलिनचं इंजेक्शन 'आता ऑपरेशन झालं' म्हणून आपल्या मनाने थांबवायचं नाही. जुना ताप उलटला, तर उरलेल्या झडपा आहेतच.

पुढच्या आठवड्यात जन्मतः हृदयाला असलेली छिद्रं, आणि त्यांतली कोणती आपोआप बुजतात ते पाहू.