थर्मोकोलचा मुखवटा टणक करायचाय?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंदच्या मंडळींनो, गणपतीचा देखावा असो की शाळेचं गॅदरिंग, थर्मोकोलचे मुखवटे नि गदा एका कार्यक्रमातच झिजतात. त्यांना कवच द्या, वर्षानुवर्षं टिकतील.

थर्मोकोलमध्ये सुमारे 98 टक्के हवाच असते, म्हणून तो हलका आणि म्हणूनच दुबळा. त्यावर थेट स्प्रे पेंट किंवा थिनर लागला की तो विरघळतो. फायबरग्लासवाले वापरतात ते पॉलिएस्टर रेझिनही त्याला खातं, कारण त्यात स्टायरीन असतं. इपॉक्सी चालतं, पण महाग, हातमोजे हवेतच.

माझी पसंती जुन्या धोतराला! फेव्हिकॉलमध्ये थोडं पाणी घालून त्यात सुती पट्ट्या भिजवा, आडव्या-उभ्या चिकटवा. एक थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा. घाई केली तर आत ओल राहते नि बुरशी धरते. नाक, कान, कडा इथे एक थर जास्त, कारण मार तिथेच बसतो. वरून खडूची पूड आणि फेव्हिकॉलचा लेप, मग पॉलिश पेपर, मग अ‍ॅक्रिलिक रंग.

आपल्याच राज्यातल्या कोप्पळ जिल्ह्यात किन्नाळचे कारागीर हलक्या लाकडाच्या खेळण्यांवर तागाच्या चिंध्या, लाकडाचा भुसा आणि चिंचोक्याची खळ यांचा लगदा लावतात. हलका गाभा, कडक साल, युक्ती तीच.

बोलक्या बाहुलीचं तोंड मात्र गादीच्या स्पंजचं ठेवा आणि त्याला कवच देऊ नका. ते वाकायलाच हवं. तापलेल्या तारेने थर्मोकोल कापताना दारं-खिडक्या उघड्या ठेवा, तो धूर छातीला वाईट.