बिळातला शिकारी पुन्हा माळावर

अहमदपूर, कंधारकडच्या बालाघाटाच्या माळावर पायजम्याला कुसळं चिकटतात. बांधावरचं मुंगूस मान वर करून बघतं आणि बिळात गडप होतं. असंच लांबट, बुटक्या पायांचं जनावर अमेरिकेच्या गवताळ माळांवर आहे: काळ्या पायांचं फेरेट. डोळ्यांवर काळी पट्टी, वजन जेमतेम किलोभर. दिसायला मुंगसासारखं, कूळ मात्र पाणमांजराचं.

१९७९ मध्ये पिंजऱ्यातलं शेवटचं फेरेट मेलं, आणि ही जातच संपली असं धरलं गेलं.

मग सप्टेंबर १९८१ मध्ये वायोमिंगच्या मीटीत्सी गावाजवळ शेप नावाच्या कुत्र्यानं एक मेलेलं फेरेट घरी आणून टाकलं. शोध घेतला तर आसपास शंभरावर सापडली. चार वर्षांत डिस्टेंपर आणि प्लेग या रोगांनी तीही धुऊन नेली. १९८७ पर्यंत उरलेली १८ पकडून आणली. वंश चालला तो त्यातल्या सातांचा. १९९१ मध्ये पहिली फेरेटं पुन्हा माळावर सोडली. सोडण्याआधी त्यांना मातीच्या आवारात, बिळांमध्ये ठेवतात. जिवंत प्रेअरी डॉगची शिकार तिथंच शिकायची. हा खारीच्या कुळातला, बिळं करून राहणारा प्राणी म्हणजे फेरेटचं नव्वद टक्के अन्न, आणि त्याचंच बीळ फेरेटचं घर.

१९८८ मध्ये गोठवून ठेवलेल्या पेशींपासून डिसेंबर २०२० मध्ये एक मादी क्लोन करून जन्माला घातली. थक्क करणारं काम! पण रानातली संख्या आजही तीनशेच्या आसपासच अडकली आहे. गवत खातो म्हणून प्रेअरी डॉगला वर्षानुवर्षं विष घातलं गेलं, त्याच्या वसाहती नांगरल्या गेल्या. उरल्यासुरल्या वसाहतींत पिसवांमार्फत प्लेग शिरतो, म्हणून माणसं एकेका बिळात औषधाची भुकटी मारत फिरतात. जनावर प्रयोगशाळेत वाढवता आलं, माळ कुठून आणणार?

माळाचा हाच प्रश्न आपल्याकडेही आहे. मराठवाड्याच्या शेजारी, सोलापूरच्या नान्नजला १९७९ मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं. आज माळढोकाची पिलं वाढवली जातात ती राजस्थानात, सम आणि रामदेवऱ्याच्या केंद्रांत. माळढोकाची मादी घरटं बांधत नाही. उघड्या माळावर बहुधा एकच अंडं घालते. आपल्याकडे मात्र असा माळ दिसला की ‘पडीक’ म्हणून नांगर तरी फिरतो, नाहीतर झाडं लावायला खड्डे तरी पडतात.